ठिणगी कुठे अडली? जुनी बुलेट सुरू होत नाही तेव्हा

परवापर्यंत नीट चालणारी गाडी आज दहा-पंधरा किक मारूनही का सुरू होत नाही? जुनी बुलेट असलेल्या घरात हा प्रश्न कधी ना कधी येतोच. लगोलग सल्लेही येतात. कुणी म्हणतं प्लग बदला, कुणी कार्बोरेटर खोलायला सांगतं, कुणी बॅटरीवर ठपका ठेवतं. यातला प्रत्येक सल्ला बरोबर असू शकतो, आणि खरी अडचण तीच आहे. कारणं डझनभर असली तरी लक्षण एकच दिसतं: किक मारली आणि गाडी गप्प राहिली. अशा वेळी अंदाजाने एकेक भाग बदलत गेलं तर पैसे जातात, शिवाय चांगला भाग काढून बाजारातला हलका भाग बसवल्यामुळे नवा बिघाडही पदरात पडतो. म्हणून प्रत्येक चाचणी अशी निवडायची की तिच्या उत्तराने निम्म्या शक्यता तरी बाद व्हाव्यात.

या प्रकरणात डोळ्यांसमोर ठेवायची ती 1955 च्या सुमारास मद्रासमध्ये जुळणी सुरू झालेली, बिडाच्या सिलिंडरची, पॉइंटवाली 350 बुलेट. तिचा बोअर 70 मिलिमीटर, स्ट्रोक 90 मिलिमीटर आणि क्षमता 346 सीसी. जावा, येझदी आणि लूना यांचा उल्लेख गरजेपुरता येईल.

1. इंजिनाला तीन गोष्टी लागतात

पेट्रोल आणि हवेचं मिश्रण, ते दाबून धरणारं कॉम्प्रेशन आणि ठरलेल्या क्षणी पडणारी ठिणगी. तिन्ही जागेवर असतील तर इंजिन सुरू होतं. तपासताना मात्र क्रम वेगळा ठेवावा: आधी कॉम्प्रेशन, मग ठिणगी आणि शेवटी पेट्रोल. पहिल्या चाचणीला एकही पाना लागत नाही, दुसरीला प्लग पाना पुरतो. कार्बोरेटर उघडण्याची वेळ पुष्कळदा येतच नाही.

कॉम्प्रेशन पायाला कळतं. डीकॉम्पला (सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या लिव्हरला) हात न लावता किक हळूहळू खाली दाबा. एका जागी ती अडली पाहिजे आणि तिथे अंगाचा भार टाकला तरी क्षणभर तोलून धरलं पाहिजे. ती लोण्यातून गेल्यासारखी खाली गेली तर आधी डाव्या हाताखालच्या डीकॉम्पच्या केबलकडे पाहा. केबल फार ताणलेली असेल तर डीकॉम्पचा छोटा व्हॉल्व्ह कायम किंचित उघडा राहतो आणि दाब तिथून निसटतो. केबलला थोडी ढील दिली की काम होतं. त्यानंतर टॅपेट पाहा. या इंजिनात टॅपेट इंजिन थंड असताना लावतात: पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. तो फिरतच नसेल तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही. केबल आणि टॅपेट दोन्ही ठीक असूनही दाब नसेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंगांचं काम निघालं, आणि तो विषय वेगळा आहे.

2. ठिणगी तयार कशी होते

बॅटरी 12 व्होल्टची, त्याहून जुन्या गाडीत 6 व्होल्टची. प्लगच्या अर्ध्या मिलिमीटरच्या फटीतून, तेही दाबलेल्या वायूमधून, ठिणगी उडवायला हजारो व्होल्ट लागतात. ते देण्याचं काम इग्निशन कॉइल करते. कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती दोन गुंडाळ्या असतात: एक जाड तारेची, थोड्या वेढ्यांची आणि दुसरी केसासारख्या बारीक तारेची, हजारो वेढ्यांची. बॅटरीचा करंट जाड गुंडाळीतून वाहतो आणि पॉइंटमधून अर्थला जातो. पॉइंट म्हणजे कॅमच्या उंचवट्याने उघडणारा आणि स्प्रिंगने मिटणारा एक छोटा स्विच.

पॉइंट मिटले की ठिणगी पडते अशी बहुतेकांची समजूत असते, पण घडतं नेमकं उलट. पॉइंट मिटलेले असताना करंट वाहून कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र साठत असतं. पॉइंट उघडतात, करंट एकदम तुटतो, ते क्षेत्र क्षणात कोसळतं आणि त्या धक्क्याने बारीक गुंडाळीत हजारो व्होल्ट उभे राहतात. विहिरीवरून लांबच्या शेताला पाणी नेणारी पाइपलाइन आठवा. पंप चालू असतो तोवर पाणी गुमान वाहतं. मध्येच लाइट जाते, वर चढणारं पाणी थबकतं, उलटतं, आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर असा दणका देतं की पाइप फुटायचा तर पुष्कळदा त्याच क्षणी फुटतो. तो दाब पंपाने दिलेला नसतो. वाहतं पाणी अचानक अडल्यामुळे तो तयार होतो.

यातला ‘अचानक’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण कंडेन्सरचं काम त्यावरूनच समजतं. पॉइंट उघडू लागतात तेव्हा त्यांच्यातली फट कागदाहून पातळ असते आणि करंट ती ओलांडून वाहतच राहू पाहतो. पॉइंटच्या तोंडाशीच ठिणगी उडते, करंट तुटायला वेळ लागतो आणि कॉइलमधला धक्का मवाळ पडतो. पॉइंटच्या जोडीला लावलेला कंडेन्सर त्या क्षणी करंटला जायला दुसरी जागा देतो. तेवढ्यात पॉइंट पुरेसे उघडतात आणि करंट खटकन तुटतो. म्हणून कंडेन्सर गेलेल्या गाडीत बॅटरी, कॉइल, प्लग सगळं ठणठणीत असूनही ठिणगी मेल्यासारखी पडते.

ही रचना अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी घडवली आणि 1910 च्या कॅडिलॅक मोटारीत ती आली. त्यानंतर पुढची कित्येक दशकं जगभरच्या गाड्या याच तत्त्वावर चालल्या. लूनासारख्या मोपेडमध्ये बॅटरीच्या जागी फिरत्या चाकातलं चुंबक करंट तयार करतं. त्याला फ्लायव्हील मॅग्नेटो म्हणतात. पॉइंट आणि कंडेन्सर तिथेही असतात, फक्त त्या चाकामागे दडलेले.

3. अँमीटरचा काटा वाचायला शिका

बुलेटच्या हेडलाइटच्या वर छोटा अँमीटर असतो. तो चार्जिंग दाखवतो एवढंच अनेक मालकांना माहीत असतं. प्रत्यक्षात बंद गाडीचं निदान करायला त्याच्याइतकं सोपं साधन नाही, आणि त्यासाठी वेगळा पैसा मोजावा लागत नाही.

दिवे बंद ठेवा, चावी फिरवा आणि डीकॉम्प दाबून किक हाताने सावकाश फिरवत काट्याकडे पाहा. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून करंट वाहतो, म्हणून काटा डावीकडे, उणे बाजूला, साधारण 3 ते 4 अँपिअरवर जातो. पॉइंट उघडले की तो शून्यावर येतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत पॉइंट एकदाच उघडतात, आणि तेही पिस्टन कॉम्प्रेशनमध्ये वर पोचत असताना. म्हणून जाणकार चालक किक मारण्याआधी काटा मध्यावर येण्याची वाट पाहतात. काटा मध्यावर आला की डीकॉम्प दाबून किक किंचित पुढे सरकवायची, डीकॉम्प सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच पूर्ण, सलग किक द्यायची. इंजिनाला फिरायला जवळपास दोन फेऱ्यांची मोकळीक मिळते आणि पायाला हिसका बसत नाही.

बंद गाडीवर काट्याच्या तीन तऱ्हा दिसतात.

काटा शून्यावरून हलतच नाही. म्हणजे कॉइलमध्ये करंट पोचत नाही किंवा तिथून अर्थपर्यंत जात नाही. हॉर्न दाबून पाहा. तोही वाजला नाही तर बॅटरी, फ्यूज किंवा मुख्य वायर तपासा. हॉर्न खणखणीत वाजला तर बॅटरी निर्दोष, आणि संशय चावीचा स्विच, कॉइलची वायर व पॉइंट यांवर येतो. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत बहुतेक वेळा पॉइंटच दोषी निघतात. त्यांच्या तोंडावर गंजाचा किंवा तेलाचा पातळ थर धरतो, ते मिटल्यासारखे दिसतात पण करंट जाऊ देत नाहीत. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत एका पावसाळ्यात हे घडतं.

काटा डावीकडे जातो आणि तिथेच राहतो. म्हणजे करंट तुटतच नाही. पॉइंट उघडत नसतील, कारण कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजून गॅप संपली असेल. किंवा पॉइंटची वायर कुठेतरी बॉडीला चिकटली असेल. किंवा कंडेन्सर आतून शॉर्ट असेल. कंडेन्सरची वायर सोडवून पुन्हा किक फिरवा. काटा हलू लागला तर चोर सापडला.

काटा डावीकडे आणि मध्यावर असा बरोबर झुलतो. मग बॅटरीपासून पॉइंटपर्यंतचा रस्ता चालू आहे. आता उरले कंडेन्सर, कॉइलची बारीक गुंडाळी, प्लगची जाड वायर, कॅप आणि प्लग. हाताची चार बोटं वर-खाली करण्याइतक्या वेळात निम्मी यादी बाद झाली.

चाचणी संपताच चावी बंद करा. पॉइंट मिटलेले असताना चावी चालू राहिली तर कॉइल तापत राहते आणि बॅटरी उतरते. चांगल्या कॉइल अशाच जळतात.

जावा-येझदीला अँमीटर नसेल तर? तिथे बॅटरीच्या व्होल्टेजचा छोटा बल्ब घ्या, त्याची एक वायर पॉइंटकडे जाणाऱ्या कॉइलच्या टोकाला आणि दुसरी इंजिनाला लावा. पॉइंट उघडले की बल्ब लागतो, मिटले की विझतो. तो विझतच नसेल किंवा लागतच नसेल तर वरचंच निदान लागू होतं.

काटा झुलतो पण गाडी थकल्यासारखी वाटते, ही अवस्था फसवी असते. तिथे मल्टीमीटर घ्यावा. समजा, पॉइंट मिटलेले असताना बॅटरीवर 12.5 व्होल्ट आणि कॉइलच्या टोकाशी 11.2 व्होल्ट दिसले. मधले 1.3 व्होल्ट जुन्या स्विचमध्ये आणि हिरव्या पडलेल्या जोडांमध्ये खर्च झाले. करंट साधारण दहा टक्क्यांनी घटला. पण कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ठिणगीची ताकद जवळपास वीस टक्क्यांनी घटली. पन्नास वर्षांच्या वायरिंगमधले चार जोड घासून घट्ट करणं हे नव्या कॉइलपेक्षा अधिक गुणकारी ठरू शकतं ते यामुळे.

4. प्लग बाहेर काढून

आता प्लग काढा, कॅपला लावा आणि त्याची लोखंडी बाजू सिलिंडर हेडला नीट टेकवून ठेवा. प्लगच्या भोकापासून तो दूर असू द्या. भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर पडते आणि ठिणगीने ती पेटू शकते. सांडलेलं पेट्रोल पुसून, कॉक बंद करूनच किक मारा.

निळसर-पांढरी, जाड, ‘टक्’ आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळट, बारीक, मधूनच चुकणारी वाईट. पण चांगली दिसली म्हणून लगेच खात्री बाळगू नका. उघड्या हवेत ठिणगी सहज उडते. सिलिंडरमध्ये वायू दाबलेला असतो आणि तिथे तीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. म्हणून मुरलेले मेस्त्री कॅप काढून जाड वायरचं टोक हेडच्या पंखापासून पाच-सहा मिलिमीटरवर धरतात. वायर लाकडी चिमट्यात धरावी, हातात नको. तेवढी उडी घेणारी ठिणगी आत नक्की काम करते. फट याहून फार मोठी ठेवू नका. ठिणगीला बाहेर वाट मिळाली नाही तर ती कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडून वाट काढते.

थेट वायरमधून ठिणगी दमदार, पण प्लगवर मलूल असेल तर कॅप किंवा प्लग बदला. दोन्हींवर मलूल असेल तर पॉइंटकडे चला.

5. पॉइंट, गॅप आणि कंडेन्सर

उजव्या बाजूचं डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडा. पॉइंटची तोंडं राखाडी आणि सपाट असायला हवीत. काळी, तेलकट किंवा एका बाजूला टेकाड आणि दुसऱ्या बाजूला खड्डा अशी झाली असतील तर ती साफ करावी लागतील. थोडा मळ असेल तर बारीक पॉलिश पेपरचा एक हात पुरतो. नंतर कोरा जाड कागद पॉइंटच्या मधून ओढून धूळ काढायला विसरू नका. पेपरचा एक कण अडकला तरी करंट अडतो.

मग किक फिरवत फायबरची टाच कॅमच्या सर्वांत उंच जागी आणा आणि फिलर गेजने गॅप मोजा. ती 0.35 ते 0.40 मिलिमीटर हवी. गॅप कमी असेल तर करंट नीट तुटत नाही. जास्त असेल तर पॉइंट मिटलेले राहण्याचा काळ घटतो आणि कॉइल पुरती भरत नाही. कॅमला ग्रीसचं बोट लावा, पण टिकलीएवढंच. जास्तीचं ग्रीस उडून पॉइंटवरच बसतं.

झाकण उघडं ठेवून, अंधारात, कुणाला तरी किक मारायला सांगा. पॉइंटमध्ये अगदी बारीक ठिणगी दिसणं साहजिक आहे. निळा, जाड लोळ दिसला तर कंडेन्सर गेला. खात्रीसाठी जुन्याची वायर सोडून दुसरा, चांगला ठाऊक असलेला कंडेन्सर बाहेरूनच जोडून पाहा: एक टोक पॉइंटच्या वायरला, दुसरं बॉडीला. सुटा भाग स्वस्त असतो, पण त्यात बनावट फार. नवा आहे म्हणजे चांगला आहे, असं गृहीत धरू नये. गाडीतून काढलेला, चालता, मूळ कंडेन्सर फेकून देण्यासारखी वस्तू नाही.

6. ठिणगी आहे, पण किक उलटी मारते

यात माणूस जायबंदी होतो, म्हणून थोडं थांबून समजून घेऊ. या बुलेटमध्ये किक मारताना ठिणगी पिस्टन सर्वांत वर पोचण्याआधी 0.8 मिलिमीटरवर पडायला हवी. 90 मिलिमीटरच्या स्ट्रोकमध्ये हे क्रँकचे साधारण 9 ते 10 अंश होतात. मिश्रण जळायला थोडा वेळ लागतो, म्हणून ही आगाऊ ठिणगी. इंजिन वेगात फिरू लागलं की तेवढ्याच वेळात क्रँक जास्त फिरतो, म्हणून ठिणगी आणखी आधी हवी. ते काम पॉइंटखालची ऑटो-अ‍ॅडव्हान्सची दोन वजनं करतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि कॅमला पुढे सरकवतात, वेग उतरला की स्प्रिंगा त्यांना आत ओढतात.

उभ्या गाडीत इथलं ग्रीस वाळून डिंकासारखं होतं. वजनं बाहेरच अडकतात. मग पायाच्या संथ वेगाला ठिणगी फार आधी पडते, वर येणारा पिस्टन मागे ढकलला जातो आणि किक घोट्यावर आदळते. तपासणी सोपी आहे: कॅम बोटांनी फिरण्याच्या दिशेने वळवून सोडा. तो टुणकन मागे आला पाहिजे. आळसावून आला किंवा तिथेच राहिला तर वजनं काढून रॉकेलने धुवा, पिनांना तेलाचा एक थेंब द्या, सैल स्प्रिंगा बदला.

दुसरं कारण पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पॉइंटची गॅप वाढवली की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंगही पुढे जातं. म्हणून क्रम कायम एकच: आधी गॅप, मग टायमिंग. टायमिंग लावून झाल्यावर गॅपला हात लावला असेल तर टायमिंग पुन्हा लावावं. पॉइंट उघडण्याचा क्षण पकडायला आपला अँमीटर आहेच. पिस्टन 0.8 मिलिमीटरवर आणून कॅम पूर्ण मागे असताना पॉइंटची प्लेट हळूहळू फिरवा. काटा शून्याकडे झेप घेतो ती जागा पकडून स्क्रू आवळा.

7. पेट्रोलकडे वळताना

ठिणगी आणि टायमिंग ठीक असेल तरच इकडे या. आठ-दहा किकनंतर काढलेला प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही: कॉकची जाळी, टाकीतला गंज किंवा पायलट जेट. प्लग ओला असेल तर पेट्रोल जास्त झालं. चावी आणि चोक बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा, डीकॉम्प दाबून चार-पाच किक मारा आणि प्लग पुसून लावा.

पेट्रोल शिळं होतं. त्यातला सहज उडणारा भाग आधी निघून जातो, आणि थंड इंजिन पेटवायला तोच हवा असतो. उरलेला भाग पायलट जेटच्या सुईएवढ्या भोकात चिकट थर धरतो. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल ओलावा शोषतं आणि त्या काळातल्या रबरी नळ्या, वॉशर फुगवतं किंवा मऊ करतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवावी.

8. गरम झाली की बंद पडते, गार झाली की चालते

थंड गाडी पहिल्या किकला सुरू होते, अर्धा तास छान चालते, चढावर अचानक मरते आणि वीस मिनिटांनी काहीच न घडल्यासारखी पुन्हा चालू लागते. गॅरेजात पोचेपर्यंत गाडी निरोगी झालेली असते, म्हणून हा दोष महिनोन्‌महिने सापडत नाही. तो रस्त्यावर, गाडी बंद पडल्याच्या पहिल्या दोन मिनिटांतच पकडावा लागतो.

तिथेच पहिली गोष्ट करा: टाकीचं झाकण उघडा. आत हवा शिरल्याचा ‘स्स्’ आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं आहे. पेट्रोल कमी होत गेलं, जागा भरायला हवा आत आली नाही आणि प्रवाह थांबला. सुईने छिद्र मोकळं करा.

तसं झालं नाही तर लगेच प्लग काढून ठिणगी पाहा. थंड असताना दमदार आणि आता मलूल असेल तर कॉइल किंवा कंडेन्सर. तापल्यावर कॉइलच्या आतली तुटकी तार फाकते किंवा इन्सुलेशन दगा देतं. पॉइंटमध्ये निळा लोळ दिसत असेल तर कंडेन्सर, नसेल तर कॉइल. कॉइलवर ओलं फडकं गुंडाळून गाडी चालू झाली तर संशय पक्का होतो. ठिणगी गरम असतानाही दमदार असेल तर किक पुन्हा पायाने चाचपून कॉम्प्रेशन पाहा. टॅपेट आवळलेले असतील तर तापलेला व्हॉल्व्ह बसत नाही आणि दाब जातो.

9. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक बसवावं का?

हा प्रश्न हमखास येतो. माझं मत स्पष्ट आहे: गॅप, ऑटो-अ‍ॅडव्हान्स आणि जोड नीट असतील तर पॉइंट उत्तम काम करतात, आणि रस्त्यावर फिलर गेज व पॉलिश पेपरने त्यांना पुन्हा चालतं करता येतं. इलेक्ट्रॉनिक संच गॅप झिजण्याची कटकट मिटवतो हे खरं, पण जुन्या वायरिंगमधले कच्चे जोड तो दुरुस्त करत नाही. पुष्कळ संच कमी व्होल्टेजवर चालतच नाहीत, म्हणून उतरलेल्या बॅटरीवर पॉइंटवाली गाडी धापा टाकत का होईना सुरू होते तिथे संचवाली गप्प राहते. रोज कामाला जाणाऱ्या गाडीत चांगले पॉइंट मिळेनासे झाले असतील तर संच जरूर बसवा. आधी वायरिंग घासूनपुसून घ्या, आणि काढलेली पॉइंटची प्लेट गॅप लावून, कंडेन्सरसकट टूलबॉक्समध्ये ठेवा. संच वाटेत गेला तर तीच प्लेट परत बसवून, काटा पाहत टायमिंग लावून गाडी घरी आणता येते.